डोकं दुखतं म्हणून उदास, की उदास म्हणून डोकं दुखतं?

प्रश्न: मला आठ वर्षांपासून मायग्रेन आहे. हल्ली डोकं दुखत नसतं तेव्हाही रडू येतं, कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात तू टेन्शन घेतेस म्हणून दुखतं. खरंय का?

उत्तर: ताई, आधी एक सांगते, हे तुम्ही ओढवून घेतलेलं नाहीये. मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे आणि तो असणाऱ्यांना डिप्रेशन होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दुप्पट तरी असते, उलटंही तसंच, डिप्रेशन असेल तर मायग्रेन वाढतो. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा दोन्हीशी संबंध आहे, आनुवंशिकताही थोडी आहेच, आणि एक अटॅक 4 ते 72 तास चालतो हो, अंधाऱ्या खोलीत उशीत डोकं खुपसून पडलेल्या माणसाला पुढचा कधी येईल याची धास्ती बसणारच ना!

डॉक्टरांना दोन्ही त्रास एकत्रच सांगा, हे फार महत्त्वाचं, कारण मायग्रेनसाठी देतात त्या फ्लुनारिझिनने काहींचं डिप्रेशन वाढतं, तर व्हेन्लाफॅक्सिनसारखं औषध दोन्हीला चालू शकतं. चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. पेनकिलर महिन्यात 10 दिवसांच्या वर जात असेल तर तेही सांगा, त्यानेच डोकेदुखी वाढते कधीकधी. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा.