ब्लॅक बॉक्स सापडला तरी एवढा वेळ का लागतो?

देवगडच्या मित्राने विचारलंय की ब्लॅक बॉक्स चार दिवसांत मिळतो, मग विमान का पडलं हे सांगायला वर्षभर का लागतं, आत काही दाबतात का, आणि शिक्षा कुणाला होते? मी सांताक्रूझच्या हँगरमधे बरीच वर्षं काढलीत, आता वेंगुर्ल्याला घरीच असतो, तर जमेल तसं लिहितो.

ते डबे साधारण दोन असतात आणि रंगाने नारिंगी. एकात वेग, उंची, कल, इंजिनाचे आकडे, दुसऱ्यात कॉकपिटमधले आवाज. त्यातून काय झालं ते कळतं. का झालं ते बऱ्याचदा नाही कळत, आणि सगळा वेळ त्यातच जातो.

आपल्याच किनाऱ्यावरचं घ्या. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं ८५५, 'सम्राट अशोक' नावाचं जंबो, रात्री दुबईला निघालं आणि दोन मिनिटं व्हायच्या आत बांद्र्यासमोर समुद्रात. २१३ माणसं, एकही वाचलं नाही. सुरुवातीला संशय घातपाताचा. पण पाण्यातून काढलेल्या तुकड्यांत स्फोटाची किंवा आगीची खूणच नाही मिळाली. स्फोट झाला असेल तर पत्र्याच्या कडा वळतात, बारीक खड्डे पडतात, ते लपत नाही.

मग रेकॉर्डर, म्हणजे तेच नारिंगी डबे. टेकऑफनंतर विमान थोडं उजवीकडे वळलं, परत सरळ झालं. इथपर्यंत ठीक. पण कॅप्टनसमोरचा एडीआय, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, ते उजवीकडेच अडकलेलं. तो बघतोय उजवा कल, म्हणून डावीकडे दाबतोय, विमान आणखी डावीकडे, शेवटी ९० अंशांच्याही पलीकडे कललं. को-पायलट म्हणतो माझंही कलंडलंय, पण त्याचं बहुधा बरोबरच दाखवत होतं! फ्लाइट इंजिनियरने तिसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, तोवर उशीर झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, बाहेर बघायचं ना. अहो, रात्री मासेमारीला जाणाऱ्या कुठल्याही तांडेलाला विचारा, चंद्र नसला की पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. ती वद्य पक्षातली रात्र, चंद्र मध्यरात्रीकडे उगवणार, समोर काळोख. कानातला तोलसुद्धा अशा वेळी खोटं सांगतो. चौकशीचा निष्कर्ष असा की यंत्र बिघडलं, कॅप्टनला विमान कसं आहे याचं भान राहिलं नाही, आणि उरलेल्या यंत्रांवरून कुणी सावरू शकलं नाही. नुसता पायलटच्या माथी मारायचा निकाल नाही हा, पण पेपरात तेवढंच राहतं.

असे दुवे जुळवायला धातू वाचावा लागतो. इंजिनाची पाती कशी वाकलीत त्यावरून ते आपटताना फिरत होतं का ते कळतं. इशाऱ्याच्या बल्बची तार ताणलेली दिसली तर तो त्या क्षणी पेटलेला असणार. हे सगळं भिंगाखाली बघायचं, मग रेकॉर्डरशी जुळवायचं. घाई करून होत नाही हो.

नियमाने प्राथमिक अहवाल ३० दिवसांत, अंतिम शक्यतो १२ महिन्यांत. अहमदाबादचा अपघात १२ जून २०२५ चा, एएआयबीचा, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी विभागाचा, प्राथमिक अहवाल महिन्याभरात आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, एका पायलटने विचारलं का बंद केलंस, दुसरा म्हणाला मी नाही केलं. बस. कुणी केलं, कसं झालं हे त्यात नाही, तरी टीव्हीवाल्यांनी निकाल लावून टाकला. दाबादाबी कुठेच होत नाही असं नाही म्हणत मी, पण उशीर दिसला की लगेच दाबलंच समजू नका.

आणि शिक्षा कुणाला होते विचारलंत, तर ही चौकशी त्यासाठी नसतेच, पुन्हा असं होऊ नये एवढ्यासाठी असते. भरपाईचं कोर्ट वेगळं. ८५५ चे दावे अमेरिकेत विमान नि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांवर लावले होते, निकाल १९८५ ला आला, आणि तो कंपन्यांच्या बाजूने.