नार्व्याला निघण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधासाठी नार्व्यातल्या, म्हणजे एस्टोनियातल्या रशियाच्या सीमेवरच्या गावातल्या, रशियन बोलणाऱ्या मुलांना विचारायची प्रश्नावली काल रात्री दोनदा वाचली. मेहनत दिसते, पण पहिलाच प्रश्न खोडून टाक : 'तू स्वतःला रशियन मानतोस की एस्टोनियन?' एस्टोनियातली रशियन बोलणारी मुलं हे लहानपणापासून ऐकत आलीत. समोर कोण बसलंय ते बघून ती उत्तर देतात.

शिवाय प्रश्नातच घोटाळा आहे. रशियन भाषेत 'रूस्की' म्हणजे भाषेने, वंशाने रशियन आणि 'रोस्सियानिन' म्हणजे रशिया देशाचा नागरिक. मराठीत आपण दोघांनाही 'रशियन' म्हणतो. नार्व्यातला मुलगा पहिलं बिनदिक्कत सांगेल, पण दुसरं त्याच्यावर लादलंस तर तो गप्प होईल.

गाव समजून घे. १९४४च्या बाँबहल्ल्यांत नार्वा जवळजवळ जमीनदोस्त झालं. जुन्या रहिवाशांना परतू दिलं नाही, कारखान्यांसाठी सोव्हिएत संघातून माणसं आणली. त्यांत युक्रेनी होते, बेलारूसी होते. बोलायची भाषा रशियन. (आपल्याला लगेच बेळगाव आठवतं. जपून. १९५६ मध्ये बेळगावची माणसं जागच्या जागी होती, राज्य बदललं. इथे आधी गाव रिकामं झालं, मग माणसं आली, आणि १९९१ मध्ये त्यांचा देशच उरला नाही.) एस्टोनियाने नागरिकत्व दिलं ते १९४०च्या सोव्हिएत ताब्यापूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. बाकीच्यांनी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यायची, रशियाचं नागरिकत्व घ्यायचं, नाहीतर करडा पासपोर्ट घेऊन कुठल्याच देशाचं नसलेलं राहायचं.

आजीचा पासपोर्ट करडा, नातवाचा एस्टोनियाचा, असं घर तुला सापडेल. आजीला सरकारी पत्र आलं की नातू ते रशियनमध्ये करून सांगतो. तेव्हा शेजारी बस आणि कान दे. आरोग्यविम्याचं नाव आलं की तो रशियन वाक्यातच 'हाइगेकासा' हे विमा निधीचं जुनं एस्टोनियन नाव म्हणून जातो. मॉस्कोतल्या माणसाला हा शब्द कळणार नाही. असे शब्द वहीत टिपून ठेव. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा जीव तिथेच आहे.

एस्टोनियन लोकांचं दुखणंही हलकं समजू नकोस. १९४१ आणि १९४९ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांच्या घरातली माणसं उचलून सायबेरियात नेली. ऑगस्ट २०२२ मध्ये नार्व्यातला टी-३४ रणगाडा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचं सोव्हिएत स्मारक, एस्टोनियाच्या सरकारने हलवला, तो या आठवणीपायी आणि युक्रेनच्या युद्धापायी. त्याच रणगाड्यापाशी नार्व्यातली नवी जोडपी फुलं ठेवायची. दोन्ही लिही. कोण बरोबर ते मुलांना विचारू नकोस.

आणि २०२४च्या सप्टेंबरपासून शाळा टप्प्याटप्प्याने एस्टोनियनमध्ये चालल्या आहेत, तेव्हा धाकट्या भावंडांशीही बोल.

संध्याकाळी नदीकाठी जा. पलीकडे रशियातला इवानगोरोदचा किल्ला, खाली गळ टाकून बसलेला माणूसही दिसतो. मधल्या पुलावरून आता फक्त पायी जाता येतं. तिथे उभं राहून विचार : 'पूल ओलांडताना "घरी चाललो" असं तू कुठल्या बाजूला जाताना म्हणतोस?' खोडलेल्या प्रश्नाच्या जागी हा घाल.

तुझा,
सर