कृत्रिम जीवांच्या सिम्युलेशनसाठी फिटनेस फंक्शन कसं लिहायचं आणि कुठली भाषा घ्यायची?

भाषा कुठलीही चालेल, पायथॉनमध्ये सुरू करा, हळू पडलं तर सी प्लस प्लसकडे वळा. पण फिटनेस फंक्शन, म्हणजे कुठला जीव किती चांगला याचे मार्क देणारं फंक्शन, लिहूच नका.

इतकं ठासून सांगतोय कारण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला माझं गाईडशी यावरूनच वाजलं होतं. मी साधी जाळी केली होती, त्यात गवत उगवायचं, जीव ते खायचे, चालायला १ ऊर्जा जायची, पिल्लू झालं की उरलेली ऊर्जा दोघांत निम्मी. दोन रात्री चालवून बघतो तर गवत तसंच पडलेलं, जीव जागचे हलत नाहीत, तरी संख्या वाढतच चाललीय! दोन दिवस शोधल्यावर कळलं की निम्मं करताना मी आकडा वरच्या बाजूला राउंड करत होतो, म्हणजे आईकडे १ असली तरी आईला १ आणि पिल्लालाही १. फुकटची ऊर्जा. ती फट मला दिसली नव्हती, जीवांनी शोधून काढली. सर म्हणाले, कोड चुकलाय आणि फिटनेस फंक्शन नाही तर ही उत्क्रांती कसली. कोड चुकला होता हे मान्यच, पण ती उत्क्रांतीच होती, आणि आजही मी हेच म्हणेन.

टॉम रे हा मुळात वर्षावनांवर काम करणारा माणूस, त्याने १९९० च्या सुमाराला टिएरा नावाचं कृत्रिम जीवांचं सिम्युलेशन केलं. त्यात सुरुवातीला ८० सूचनांचा एकच प्रोग्राम सोडला होता, स्वतःची नक्कल करणारा. कोण चांगलं हे ठरवणारं फंक्शन नाही, फक्त मेमरी मर्यादित आणि ती भरली की प्रोग्रामना मारणारा एक रीपर. त्यातून ४५ सूचनांचे परजीवी निघाले, शेजाऱ्याचा नक्कल करायचा कोड वापरणारे. आता परजीवीला मार्क द्यायचं फंक्शन आधी कोण लिहून ठेवणार होतं?

तेव्हा सगळी मेहनत ऊर्जेच्या हिशोबात घाला. पूर्णांक ठेवा, दर फेरीला जगातली एकूण ऊर्जा मोजा, जुळली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबवा.

हां, नासाच्या एसटी५ यानांचा अँटेना असाच उत्क्रांत करून काढला होता, तसं ठराविक काम हवं असेल तर फिटनेस फंक्शन लागतंच. पण तुम्ही जीव म्हणालात.

रँडम सीड (रँडम आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) लिहून ठेवा आणि जीनोमचा, म्हणजे प्रत्येक जीवाच्या वारशाने आलेल्या माहितीचा, लॉग घ्या. माझ्याकडे होता, व्हायव्हाला प्रिंट काढून नेला होता, सरांनी पहिलं पानही उलटलं नाही.