यकृतातलं प्रथिन आणि तुमच्या लेकीची वाट

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी. मुलगी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. यकृताच्या पेशीत फॉस्फोलिपिड वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर संशोधन करायचं म्हणते. सोयरे म्हणतात, बीएड करून मोकळी कर. यात पोट भरेल का?

उत्तर : भाऊ, नमस्कार. पोरीनं प्रश्न फार चांगला निवडला आहे, म्हणून आधी तोच सांगतो. पेशीतली पटलं, म्हणजे पातळ पडदे, फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंची असतात. त्यातलाच एक प्रकार, फॉस्फॅटिडिलकोलीन, मायटोकाँड्रियाला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाला) स्वतः बनवता येत नाही. ते बाहेरून आणावं लागतं. मध्ये पाणी आणि रेणूच्या शेपट्या तेलकट, मग तो जाणार कसा? 1968 मध्ये विर्त्झ आणि झिल्व्हरस्मिट या संशोधकांनी उंदराच्या यकृतावर प्रयोग करून दाखवलं, की पेशीद्रवातली प्रथिनं ही ने-आण करतात. असं एक प्रथिन आपल्या खोबणीत एकच रेणू धरतं. यकृत पित्तातही हे फॉस्फोलिपिड सोडतं, तेव्हा तेही याच प्रथिनाचं काम असावं असा कयास होता. पण 1999 मध्ये हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले, तर पित्तात काहीच कमी पडलं नाही! मग ते यकृतात नेमकं करतं काय? अशा प्रश्नांवर आयुष्य लावणारी माणसं लागतात, आणि ती दारव्ह्यातूनही येऊ शकतात.

आता पोटाचं. या नावाची नोकरी नसते, हे खरं. वाट जीवरसायनशास्त्राची आहे: एमएस्सी दोन वर्षं, पुढे पीएचडी पाच-सहा वर्षं. घरचा पैसा लागतो तो मुख्यतः एमएस्सीला. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएचडीत सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप मिळते. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत माशीच्या डोळ्यातल्या अशाच प्रथिनावर काम झालं आहे, म्हणजे परदेशच गाठायला हवा असंही नाही.

बीएड नंतरही करता येतं. तिसऱ्या वर्षाला तिला जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा, बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देऊ द्या. त्यात बारावीपर्यंतचं गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. जीवशास्त्राची मुलं नेमकी तिथंच अडतात, म्हणून या सुट्टीत बारावीची पुस्तकं पुन्हा काढायला सांगा. परीक्षा फेब्रुवारीत असते. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, वेचणीचा पैसा हाती यायच्या आधी. मुलींना फी कमी असते, तरी ती आत्ताच बाजूला काढून ठेवा.