नाशिककडे गाडी काढण्याआधी

जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा हंगाम, तेव्हाच निघ. पण मित्र बागायतदार असेल तर आधी फोन कर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी बऱ्याचदा रात्री किंवा भल्या पहाटे करतात. दुपारी तो पेंगत असणार. संध्याकाळी गाठ.

संभाजीनगरहून समृद्धीने जायचा मोह होईल. नको जाऊस लेका. समृद्धी शिर्डीवरून इगतपुरीकडे नेते, आणि तुझ्या कामाच्या बागा जुन्या रस्त्याला: वैजापूर, येवला, विंचूर, निफाड. विंचूरला वाइन पार्कही आहे. (येवल्यात वहिनी पैठणीच्या दुकानात शिरल्या तर त्या दिवशी नाशिक विसर.)

वाइन चाखताना आधी पांढरी घे, शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यॉं ब्लाँ. मग लाल, म्हणजे शिराझ. उलट केलंस तर पांढरी पाणचट लागते. घोट तोंडात फिरवून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नको. चालवणारा मात्र कोरडाच. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि जुन्या मित्राच्या आग्रहापुढे कुणाचा हिशोब टिकत नाही. मुक्कामच ठोक.

परतताना बाटल्या डिकीत टाकून वैजापूरला जेवत बसू नको. मार्चच्या उन्हात बंद गाडीत वाइनची चव बिघडते. थर्माकोलचा डबा ठेव. जानेवारीत निघालास तर जाताना त्याच डब्यात हुरडा भरून ने. निफाडच्या माणसाला काय द्राक्षं नेऊन देणार?