शेळी गाभडली तर आधी हातमोजे
शेळ्या नव्यानेच पाळताय, तर ब्रुसेलाची ओळख करून घ्या. शेळ्यांचा गर्भ पाडणारा आणि माणसांना ताप आणणारा हा जिवाणू. शेळी गाभडली की जार, म्हणजे गर्भासोबत पडणारी वार, उघड्या हातांनी उचलू नका. जिवाणूंचा सगळ्यात मोठा साठा तिथेच असतो. हातमोजे, मास्क घाला, जार खोल पुरा, कुत्री उकरणार नाहीत इतकं. दूध उकळूनच प्या. धारोष्ण दुधाचं कौतुक मला कधीच पटलं नाही. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये माल्टात हा जिवाणू शोधला. तिथल्या सैनिकांना ताप चढायचा तो शेळीच्या कच्च्या दुधामुळेच, हे पुढे कळलं. तुम्हाला चढउताराचा ताप, रात्री घाम, सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना शेळ्यांबद्दल आपणहून सांगा, नाहीतर टायफॉइड समजला जातो. औषधं साधारण ६ आठवडे चालतात. मध्येच सोडलीत तर ताप उलटतो.