मॉन्स्टरची दया येते आणि पुस्तक बोअरही होतं, काय करू?

"ताई, शाळेत 'फ्रँकेन्स्टाईन' लावलंय. मला वाटलं हॉरर असेल, तर सुरुवातीची पत्रं वाचतानाच झोप आली, डोंगर-बर्फाची पानं तर मी सरळ उडवली. पण मॉन्स्टर स्वतः बोलायला लागतो तिथे मला रडूच आलं. त्याने लहान मुलाला मारलंय हे माहीत असून! आता त्याचंच गिल्टी वाटतंय. निबंध द्यायचाय, ग्रेट आहे असंच लिहावं लागेल ना? – ना धड फॅन, ना धड हेटर"

अगं, आधी झोपेचं बघू. ती चार पत्रं पहिल्यांदा मलाही झेपली नव्हती, खोटं कशाला बोलू. कोणीतरी जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघालाय, बहिणीला पत्रं लिहितोय आणि आपण इकडे मॉन्स्टरची वाट बघत बसलोय. त्यात आपल्या डोक्यात मानेत बोल्टवाला तो सपाट डोक्याचा गडी फिट्ट बसलेला, पण तो १९३१च्या सिनेमातला. पुस्तकातला आठ फूट उंच, पिवळी कातडी, लांब काळे केस, आणि बोलतो असा की वकिलानेही हात टेकावे.

डोंगर उडवलेस, ठीके, मी काय पोलीस नाही. पत्रांकडे मात्र शेवटी परत जा, कारण मॉन्स्टर व्हिक्टरला, म्हणजे त्याला बनवणाऱ्यालाच, सांगतो, व्हिक्टर जहाजवाल्याला, तो बहिणीला लिहितो, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर गोष्ट तीन तोंडांतून फिरलेली असते, आता कोणाचं किती खरं मानायचं ते तूच ठरव.

आता ती दया. तो खोपटात लपून भिंतीच्या फटीतून शेजारचं घर बघतो, त्यांचं बोलणं ऐकत ऐकत भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो, बर्फ साफ करतो, आणि सकाळी घरातल्यांना कळतच नाही हे केलं कोणी. शेवटी हिंमत करून आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जातो. म्हातारा प्रेमाने बोलतो, कारण त्याला दिसत नाही! तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने झोडपतो. इथे ज्याला काहीच होत नाही, काळजी मला त्याची वाटेल.

आणि क्रम बघ ना. विल्यमचा, म्हणजे व्हिक्टरच्या त्या लहान भावाचा, खून आधी, त्याचं लॉकेट खिशात सापडलं म्हणून घरातली नोकर जस्टिन फासावर जाते तेही आधी (व्हिक्टरला ती निर्दोष असल्याची खात्री असते, तरी हा बाबा गप्प! माझा सगळा राग त्याच्यावर), आणि मॉन्स्टरची बाजू त्यानंतर. उलट क्रम असता तर दया येणं सोपं होतं. लेखिकेने मुद्दाम अवघड केलंय, तू बरोब्बर तिथेच अडकलीस आणि स्वतःलाच दोष देत बसलीस. दया आली म्हणजे खून माफ केलास असं थोडीच आहे.

गंमत म्हणजे मॉन्स्टरला रानात एक बॅग सापडते, त्यातली तीन जड पुस्तकं तोही वाचतो, आणि मी या लोकांसारखाच आहे पण नाहीही, असं त्याला वाटत राहतं. म्हणजे गोंधळलेली वाचक तू पहिली नाहीस.

निबंधात 'विज्ञान शाप की वरदान' प्लीज नको, तो सगळा वर्ग लिहिणारे. कुठल्या पानावर झोप आली, कुठल्या पानावर रडू आलं, आणि रडताना खून आठवत होता का, एवढं लिही, ग्रेट शब्द न वापरता. मेरी शेलीने हे लिहायला घेतलं १८१६ साली, तेव्हा ती फक्त १८ची होती, तुझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची समज. तिला उगाच घाबरू नकोस.

आणि हो, तुझं पुस्तक १८१८च्या आवृत्तीवरचं आहे की १८३१च्या ते बघून ठेव. तिने नंतर स्वतःच बदल केले, पहिल्यात एलिझाबेथ, म्हणजे व्हिक्टरची होणारी बायको, त्याची आतेबहीण आहे, नंतरच्यात दत्तक आणलेली मुलगी, प्रकरणांचे नंबरही वेगळे. मैत्रिणीच्या नोट्स जुळल्या नाहीत तर भांडू नका, तिच्याकडे दुसरी असेल.